वीज, वेध आणि नोंद : कुलाब्यापासून खरवईपर्यंत

१

मराठीत ‘वीज’ हा एकच शब्द दोन वस्तूंना लागतो. आभाळातून कोसळते तीही वीज आणि तारेतून घरात येते तीही वीज. संस्कृत ‘विद्युत्’पासून प्राकृत ‘विज्जु’च्या द्वारे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पहिला होय; दुसरा त्याला विजेचा पुरवठा सुरू झाल्यावर जडला. बोलणाऱ्याचा मात्र कधी घोटाळा होत नाही. ‘वीज पडली’ म्हटले की एक अर्थ, ‘वीज गेली’ म्हटले की दुसरा. क्रियापद अर्थाचा निवाडा करते. संगणकाच्या व त्यातील नोंदींच्या संरक्षणाचा विचार करताना मात्र हा निवाडा पुष्कळदा चुकतो. धोका म्हणजे पडणारी वीज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नोंदींचा नाश बहुतांशी येणाऱ्या-जाणाऱ्या विजेने होतो. शिवाय हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असे मानले जाते, तेही खरे नाही. विजेच्या उपद्रवापासून शास्त्रीय नोंदींचे रक्षण करण्याचा एक मोठा व यशस्वी प्रयत्न या प्रदेशात संगणकाच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्याचा वृत्तान्त देऊन त्यापासून आजच्या खरवईसारख्या गावाला काय घेता येईल, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

मुंबईच्या कुलाबा भूशिरावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेण्यास आरंभ झाला. एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्याकडे हे काम होते, व त्यांचे साहाय्यक म्हणून केरो लक्ष्मण छत्रे यांनी येथेच उमेदवारी केली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी अधिकारी या नात्याने संबंध आला. महाराष्ट्रातील आधुनिक विद्येच्या पहिल्या पिढीचा हात या नोंदींना असा लागलेला आहे.

हे काम दिसावयास साधे, करावयास कष्टाचे. टांगलेले लोहचुंबक किती अंशांनी हलले ते ठरलेल्या वेळी डोळ्यांनी पाहावयाचे व वहीत लिहावयाचे. क्षुब्धता दिसली तर काही मिनिटांच्या अंतराने पाहावयाचे. २ सप्टेंबर १८५९ रोजी अशीच क्षुब्धता दिसली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिषज्ञाने सूर्यावर एक तेजस्वी स्फोट पाहिला होता. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर अभूतपूर्व चुंबकीय वादळ झाले. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड यांमधील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून केवळ तारेत आपोआप उत्पन्न झालेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. कुलाब्यास चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. २००३ मध्ये त्सुरुतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वादळाची तीव्रता ठरविली ती मुख्यतः या कुलाब्याच्या नोंदीच्या आधारे. त्या सहकाऱ्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखीना यांचा समावेश होता. वहीत लिहिलेले आकडे १४४ वर्षांनी असे उपयोगी पडले. ते लिहिणाऱ्यांना त्यांचा असा उपयोग होईल ही कल्पना असणे शक्यच नव्हते. नोंद जपावी का, याचा निर्णय तिच्या तत्कालीन उपयोगावरून करू नये, हा या प्रसंगाचा पहिला बोध होय.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी या वेधांवर संकट आले ते मुंबईच्या प्रगतीच्या रूपाने. शहरात १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत होत्या; त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामला वरच्या तारेतून मिळालेला एकदिश प्रवाह रुळांतून वीजगृहाकडे परत जातो. पण रूळ जमिनीवर टेकलेले असतात. त्यामुळे या प्रवाहाचा काही अंश रूळ सोडून जमिनीत शिरतो व मिळेल त्या वाटेने परततो. गाडी सुटली, थांबली, चढावर लागली की तो कमीजास्त होतो. अशा भटक्या प्रवाहाभोवती उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र सूक्ष्म असले तरी कुलाब्याची उपकरणे त्याहून सूक्ष्म बदल टिपीत असत. ट्राम सुरू झाली असती तर उपकरणे मोडली नसती, वह्याही जळल्या नसत्या. नोंद अखंड चालू राहिली असती. मात्र ती खोटी झाली असती. नोंदीचा नाश दोन प्रकारचा असतो : ती नाहीशी होणे आणि ती बिघडलेल्या स्वरूपात शिल्लक राहणे. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो लक्षात येत नाही.

वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी या संकटावर जो उपाय योजला तो शांतपणे अभ्यासण्याजोगा आहे. शहराने वीज घेऊ नये असे त्यांनी म्हटले नाही. चुंबकीय वेधांसाठीच त्यांनी दूरचे स्थान शोधले. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर, खाडीपलीकडे, अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड वर्ज्य करण्यात आले. दगड पोरबंदरचा निवडला. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले, परंतु कुलाब्याचे लगेच बंद करण्यात आले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले व त्यांची तुलना झाली. त्यामुळे जुन्या जागेवरील मापे व नव्या जागेवरील मापे यांतील नेमका फरक कळला आणि दोन मालिका एकमेकींना जोडता आल्या. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली तेव्हा चुंबकीय नोंद सुरक्षित स्थळी पोहोचलेली होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतचे कुलाब्याचे चुंबकीय वेध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

या कृतीत चार पायऱ्या स्पष्ट दिसतात. धोका येण्यापूर्वी त्याचे स्वरूप ओळखले गेले. धोक्याच्या उगमापासून अंतर राखले गेले. जुनी व्यवस्था मोडण्याआधी नवी पारखून घेतली गेली. आणि शेवटी नोंदींच्या प्रती छापून अनेक ठिकाणी पोहोचविल्या गेल्या. यांतील एकही पायरी उपकरण विकत घेऊन पार पडणारी नव्हती. सर्व संस्थेच्या शिस्तीने पार पडल्या. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. अलिबागचे वेध त्यानंतरही चालू राहिले.

४

ज्या वर्षांत अलिबागची घडी बसत होती त्याच सुमारास सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मोठी धरणे बांधण्याची योजना आकार घेत होती. टाटा कंपनीचे खोपोली येथील जलविद्युत्केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरी येथील १९२२ मध्ये आणि भिरा येथील १९२७ मध्ये सुरू झाले. भिवपुरीला यंत्रे फिरवून सुटलेले पाणी उल्हास नदीला मिळते व बदलापुरावरून पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या पट्ट्याच्या पाण्याचा व विजेचा इतिहास असा एका प्रवाहात आहे. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे गेलेला लोहमार्ग बदलापुरावरून जातो. कल्याण-पुणे मार्गावर १९२९ मध्ये विजेच्या गाड्या आल्या, आणि रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजगृह उभारले. मुंबईच्या ट्रामप्रमाणे या गाड्यांनाही एकदिश प्रवाह लागे व तो रुळांतूनच परतत असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला.

घाटातून व भातखाचरांतून जाणाऱ्या या तारांनी विजेच्या दोन अर्थांना एकत्र आणले. मृगाच्या आधीचे वळीव आणि आश्विनातील परतीचा पाऊस या दोन वेळी सह्याद्रीच्या पायथ्याशी गडगडाट फार होतो. वीज प्रत्यक्ष तारेवर पडली नाही, शेजारच्या झाडावर पडली, तरी तारेत क्षणभर हजारो व्होल्टचा उठाव उत्पन्न होतो व तो तारेवरून घरापर्यंत धावत येतो. १७५२ च्या बेंजामिन फ्रँक्लिनच्या प्रयोगानंतर जगभर प्रसार पावलेल्या तडितवाहकाचे तत्त्व असे की, विजेला अडवू नये, तिला जमिनीत जाण्यास सोपी वाट द्यावी. आजची सर्व उठावरोधक साधने याच तत्त्वावर चालतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील मात्सुशिता कंपनीत जस्ताच्या भस्मापासून एक विशेष रोधक तयार झाला. नेहमीच्या दाबाला तो जवळजवळ अवाहक असतो. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की क्षणार्धात वाहक होतो व उठावाला दुसरीकडे वळवितो. बाजारात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणाऱ्या पट्टीत हीच वस्तू असते.

५

देशात घडविलेला पहिला मोठा संगणकही कुलाब्याशी निगडित असावा, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले व १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृतिकोश चुंबकीय कड्यांचा होता : ४० अंकी २,०४८ शब्दांचा. या कड्यांचा एक गुण आता विस्मृतीत गेला आहे. वीज गेली तरी त्यांच्यातील चुंबकत्व जात नसे. म्हणजे स्मृती विजेवर अवलंबून नव्हती. निर्वात नलिकाही क्षणिक दाबवाढ बऱ्यापैकी सोशीत.

१९७० नंतर अर्धसंवाहकाची स्मृती आली तेव्हा हे दोन्ही गुण गेले. नवी स्मृती सूक्ष्म विद्युत्भारांच्या रूपात असते व तो भार सेकंदाच्या अल्पांशात पुन्हा पुन्हा भरावा लागतो. वीज खंडित होताच ती पुसली जाते. तिच्या घटकांतील अवाहक थर इतका पातळ असतो की हाताने कोरड्या हवेत साठविलेला स्थितिक भारही त्याला भेदू शकतो. यंत्र जितके लहान, स्वस्त व वेगवान झाले तितके ते विजेच्या बाबतीत हळवे झाले. याच काळात ते प्रयोगशाळेच्या वातानुकूलित दालनातून बाहेर पडून बँकेत, तहसील कचेरीत, शाळेत व घरात आले. टिफ्रॅकभोवती अभियंते होते. घरातील यंत्राभोवती कोणी नाही. संरक्षणाची गरज वाढत गेली आणि संरक्षक मात्र दूर गेले, असा हा इतिहास आहे.

६

खरवई हे बदलापूरच्या पूर्वेकडील गाव. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या या गावाच्या आसपास औद्योगिक वसाहत आहे आणि नव्या इमारतीही आहेत. अशा सरमिसळ वस्तीत वीजपुरवठ्याचे जे दोष संभवतात त्यांची प्रकारवार मांडणी उपयुक्त ठरेल, कारण प्रत्येकावर उपाय निराळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही.

पहिला प्रकार पुरवठा खंडित होण्याचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा फार मोठा भाग अंधारात गेला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. महामारीमुळे शाळा-महाविद्यालयांचे अध्यापन तेव्हा संगणकावरच चालू होते. खंडित पुरवठ्याने यंत्र सहसा बिघडत नाही; लिहिता लिहिता थांबलेली नोंद अर्धवट राहते. बॅटरीवर चालणारे ‘यूपीएस’ यावर उपाय होय. त्याचे काम दिवसभर यंत्र चालविणे नव्हे. लिहिणे पूर्ण करून यंत्र रीतसर बंद करण्यास पुरेसा अवकाश देणे हे होय.

दुसरा प्रकार क्षणिक उठावाचा. त्यावर उठावरोधक चालतो, परंतु एका अटीवर : अर्थिंग असले पाहिजे. भाषेच्या दृष्टीने हा शब्द मौजेचा आहे. इंग्रजीत तो ‘पृथ्वी’चा वाचक, मराठीत त्याचा उच्चार होताच पृथ्वी डोळ्यांपुढे येत नाही, प्लगाचे तिसरे, जाड टोक येते. ‘भूसंपर्क’ हा परिभाषेतील शब्द रूढ झाला असता तर कदाचित जमिनीचे भान राहिले असते. ज्या इमारतीत तिसऱ्या टोकाची तार जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही, तेथे उठावाची जमिनीकडे जाणारी वाटच नसते. रोधकाचा त्या बाजूचा उपयोग संपतो. तीन टोकांच्या प्लगाला दोन टोकांचा जोड लावून काम भागविण्याची सवय ही याच विस्मृतीची खूण आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. उठाव केवळ विजेच्या तारेने येतो असे नाही. दूरध्वनीची, केबलची वा जाळ्याची धातूची तारही त्याला आत आणते. एक दार लावून दुसरे उघडे ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कमी परिचित व सर्वांत विनाशक आहे. रोहित्रापासून वस्तीत चार तारा येतात : तीन फेज व एक न्यूट्रल. फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट. दोन फेजांमधील सुमारे ४०० व्होल्ट. खांबावर किंवा डीपीत न्यूट्रल तुटली वा सैल झाली, तर निरनिराळ्या फेजांवरील घरे एकमेकांशी मालिकेत जोडल्यासारखी होतात. ज्या घरात विजेचा वापर कमी त्याच्या वाट्याला दाब अधिक येतो. तो ३०० व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. दिवे एकाएकी प्रखर होणे हे त्याचे लक्षण. हा उठाव क्षणाचा नसतो, कित्येक मिनिटे टिकतो. क्षणिक आघातासाठी केलेला जस्तभस्माचा रोधक इतका वेळ तग धरीत नाही. तापतो, जळतो, प्रसंगी आगही लावतो. येथे उपाय म्हणजे दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे स्वयंचलित साधन. आणि ते नसेल तर, दिवा प्रखर दिसताच मुख्य बटण बंद करणारा जागरूक माणूस.

चौथा प्रकार पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने या पट्ट्याला झोडपले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तळमजल्यावरील मीटरपेट्या व त्याच पातळीवर ठेवलेली यंत्रे अशा वेळी एकदमच पाण्याखाली जातात. येथे विद्युत्साधनांचा काही उपाय नाही. मूस यांचाच उपाय आहे, तो अंतराचा. फरक इतकाच की हे अंतर मैलांचे नसून उंचीचे आहे.

७

या सर्व उपायांनी यंत्र वाचते. नोंद वाचेलच असे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे मृत्युमुखी पडली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य कागद भस्मसात झाले. शॉर्ट सर्किटचा संशय प्रारंभापासून व्यक्त होत होता. आगीपूर्वी संगणकात उतरवून घेतलेली सुमारे तीन कोटी पाने मात्र सुरक्षित असल्याचे शासनाने सांगितले. या घटनेतून संगणक श्रेष्ठ व कागद कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कागद जळाला तो एकच होता म्हणून. पाने वाचली ती दुसरीकडे होती म्हणून. उलट बाजूने तेच घडू शकते. भाषिक सर्वेक्षणाच्या कामी १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. त्यांच्यावरील आवाज शतकानंतरही ऐकता येतो, कारण लाखेच्या खाचेला विजेचा उपसर्ग होत नाही. आज एखाद्या अभ्यासकाने खेड्यात जाऊन ध्वनिमुद्रित केलेली बोली एकाच डिस्कवर असेल व ती डिस्क यंत्राला अहोरात्र जोडलेली असेल, तर एका न्यूट्रलच्या तुटण्याने ती जाऊ शकते. यंत्र पुन्हा विकत घेता येते. बोलणारी म्हातारी गेलेली असते.

यासाठी प्रतीविषयी कुलाबा-अलिबागचा धडा अक्षरशः घ्यावयास हवा. प्रत मूळ यंत्राच्याच विद्युन्मंडलात असू नये. काम संपताच ती सोडवून दुसऱ्या वास्तूत ठेवावी. प्रत केली म्हणजे काम झाले असे मानू नये. ती उघडून मुळाशी ताडून पाहावी, कारण बिघडलेल्या नोंदीची बिनचूक प्रतही बिघडलेलीच असते. आणि नव्या व्यवस्थेत नोंदी हलविताना जुनी व्यवस्था काही काळ बरोबरीने चालू ठेवावी. दोन वेधशाळा दोन वर्षे चालविण्याचा खर्च त्या काळीही कोणाला अनावश्यक वाटला असेल. परंतु तो केला गेला, म्हणूनच मुंबईच्या चुंबकीय वेधांची एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली मालिका स्थलांतरानंतरही एकच राहिली.

खरवईच्या रहिवाशाच्या सात-बाराची नोंद आता संगणकात आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला आहे. मुलांचे गुणपत्रक, दवाखान्याचे कागद, पतपेढीचे खाते यांचीही हीच गत आहे. या नोंदींचे मोठे कोश ज्या केंद्रांत आहेत तेथे जनित्रे, दुहेरी पुरवठा व दूरस्थ प्रती असतात. पण नोंद ज्या ठिकाणी जन्मते, ती तलाठ्याची कचेरी, शाळेची खोली, विद्यार्थ्याचे टेबल, तेथे एक सैल न्यूट्रल, एक न पोहोचलेली अर्थिंगची तार व एकच प्रत अशी स्थिती असू शकते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे व आठवड्यातून एकदा प्रत सोडवून शेजारच्या इमारतीत ठेवणे, या दोन गोष्टींना खर्च थोडा आणि नियमितपणा पुष्कळ लागतो. कुलाब्याच्या वह्या टिकल्या त्या याच नियमितपणावर.